दोन प्रवाहांच्या सरहद्दीवर

१. एक साधी शंका

ध्रुवप्रदेशांतील समुद्र तापत चालल्याचे वृत्त वाचले म्हणजे पुष्कळ वाचकांच्या मनात एक शंका उभी राहते, आणि संकोच बाजूस सारून ते ती विचारतातही: जेथे पाणी बारा महिने गोठण्याच्या बेतात असते तेथे ते दोन-तीन अंशांनी उबदार झाले, तर तेथील जीवांना ते सुखावहच नव्हे काय? ही शंका अडाणीपणाची म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. थंड पाण्यात शरीराचे व्यापार मंद चालतात आणि उबेने त्यांना वेग येतो, हे शास्त्रालाही मान्य आहे. तरीसुद्धा ज्यांनी या समुद्रात वर्षानुवर्षे जाळी टाकली ते अभ्यासक या उबेकडे काळजीने पाहतात, कारण ते उबदार पाणी दुरून येते, येताना आपल्याबरोबर आपले जीवही घेऊन येते, आणि या परक्या जीवांच्या अंगी स्थानिक जीवांइतकी चरबी नसते. ही गोष्ट ऐकताना क्षुल्लक वाटेल. पण त्या प्रदेशातील पक्षी, मासे आणि देवमासे यांच्या निर्वाहाचा सारा हिशेब तिच्यावर उभा आहे.

सगळ्या ध्रुवीय किनाऱ्यांची हकीकत एकदम सांगू गेल्यास गोंधळच माजेल, म्हणून या प्रकरणापुरता आपण एकच किनारा पत्करू. नॉर्वेच्या उत्तरेस, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे, आणि त्यातील सर्वांत मोठे बेट स्पिट्सबर्गेन. विलेम बारेंट्स या डच दर्यावर्द्याने १५९६ मध्ये हे बेट पाहिले. पुढे सतराव्या शतकात डचांनी तेथे स्मेरेनबुर्ग नावाचे ठाणे वसवून देवमाशांची चरबी कढवली आणि तिच्या तेलावर युरोपातील दिवे जळले. १९२० च्या पॅरिस येथील तहाने या मुलखावर नॉर्वेचा अंमल मान्य करण्यात आला. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे ७९ अंश अक्षांशावर, कोंग्सफ्योर्ड आहे. फ्योर्ड म्हणजे प्राचीन हिमनद्यांनी कोरून काढलेली, दोहों बाजूंस डोंगर असलेली लांब आणि खोल खाडी. तिच्या काठचे नी-ऑलेसुंड हे पूर्वी कोळशाच्या खाणीचे गाव होते. १९६२ च्या स्फोटात एकवीस खाणकामगार प्राणास मुकल्यावर खाणकाम थांबले, आणि आता तेथे निरनिराळ्या राष्ट्रांची संशोधन-ठाणी नांदत आहेत. त्यांत 'हिमाद्री' हे भारताचे ठाणे २००८ पासून आहे.

२. एकाच किनाऱ्याला लागून दोन प्रवाह

या किनाऱ्याजवळून दोन प्रवाह उत्तरेकडे जातात. पहिला येतो थेट अटलांटिक महासागरातून. मेक्सिकोच्या आखाताकडून निघणाऱ्या उष्ण प्रवाहाची जी शाखा युरोपच्या वायव्य किनाऱ्याला ऊब देत नॉर्वेच्या बाजूने वर सरकते, तिचेच उत्तरेकडील टोक म्हणजे पश्चिम स्पिट्सबर्गेन प्रवाह. ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधील फ्राम सामुद्रधुनीत १९९७ पासून बसविलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून या प्रवाहातून सरासरीने दर सेकंदाला सुमारे ६६ लाख घनमीटर पाणी वाहते असे दिसते. जगातील सर्व नद्या एकत्र केल्या तरी त्यांचे पाणी याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरेल. याच प्रवाहाच्या कृपेने स्पिट्सबर्गेनचा पश्चिम किनारा पुष्कळसा मोकळा राहतो, एरवी या अक्षांशावरचे पाणी बहुतेक ठिकाणी बर्फाखाली असते.

दुसरा प्रवाह अंगाने लहान आणि स्वभावाने थंड. तो पूर्वेकडील बारेंट्स समुद्रातून निघून बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालतो आणि किनाऱ्याला चिकटून, उथळ समुद्रबूड जमिनीवरून, उत्तरेकडे जातो. या पाण्यात वितळलेल्या बर्फाचा वाटा असल्याने ते कमी खारट असते. अटलांटिक पाण्याचे तापमान येथे तीन अंश सेल्सियसच्या वर असते, तर किनाऱ्याचे आर्क्टिक पाणी शून्याच्या आसपास वा त्याखाली असते. समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठते. या दोन पाण्यांमधील सरहद्द नकाशावर एकदा आखली आणि काम संपले, असे होत नाही. वाऱ्याप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे ती आत-बाहेर सरकत असते, आणि आपल्या विषयाचे मर्म या सरकण्यात आहे.

येथे एक गोष्ट समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढे तिचे काम पडेल. गरम पाणी हलके म्हणून वर राहते आणि थंड पाणी जड म्हणून खाली बसते, असे आपण शाळेत शिकतो. परंतु पाणी गोठण्याच्या जवळ पोचले म्हणजे तापमानातील फरकाने त्याच्या जडपणात फारसा बदल होत नाही, आणि कोणते पाणी खाली जावयाचे याचा निवाडा मिठावर होतो. म्हणून ध्रुवाजवळ गरम पण खारट अटलांटिक पाणी थंड पण गोडसर पाण्याखाली जाऊन बसते. फ्रित्यॉफ नान्सेन याने १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' हे आपले जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेऊन ध्रुवसमुद्रावर वाहू दिले, तेव्हा बर्फाच्या आणि थंड पाण्याच्या थराखाली त्याला हे उबदार पाणी सापडले.

त्याच सफरीत नान्सेनच्या ध्यानात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आली: तरंगते बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता थोडे उजवीकडे झुकून जाते. पृथ्वीच्या परिवलनाचा हा परिणाम असल्याचे एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये गणिताने दाखविले. उत्तर गोलार्धात वरच्या थरातील पाणी एकंदरीत वाऱ्याच्या उजव्या हातास लोटले जाते. आता स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यावर उभे राहून विचार करा. वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो आहे. त्याची उजवी बाजू म्हणजे पश्चिम, अर्थात खुला समुद्र. किनाऱ्याजवळचे वरचे थंड पाणी बाहेर ओढले जाते, आणि ती जागा भरून काढण्यासाठी खोलातून अटलांटिक पाणी समुद्रबूड जमिनीवर चढून खाडीत शिरते. २००६ च्या हिवाळ्यात नेमके हेच घडले. उत्तरेच्या गार वाऱ्याने भर हिवाळ्यात कोंग्सफ्योर्डमध्ये गरम पाणी आणून सोडले, हे वाचून प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही, पण कारणपरंपरा वर दिली तशी सरळ आहे. कोंग्सफ्योर्डच्या तोंडाशी पाण्याखाली उंच उंबरठा नसल्याने बाहेरच्या पाण्याला आत येण्यास अटकाव असा नाहीच. पूर्वी दर हिवाळ्यात या खाडीचा आतला भाग गोठून जात असे. त्या हिवाळ्यापासून पुढे पुष्कळ वर्षे तेथे बर्फाचे आवरण तुटपुंजेच राहिले.

३. प्लवक म्हणजे कोण?

पाण्याच्या ओढीविरुद्ध पोहून जाण्याचे सामर्थ्य ज्यांच्यात नाही, त्या सर्व लहानमोठ्या जीवांना मिळून प्लवक म्हणतात. त्यांत सूर्यप्रकाशावर जगणारे एकपेशीय वनस्पतिप्लवक आहेत, आणि त्यांना चरणारे प्राणिप्लवक आहेत. स्पिट्सबर्गेनच्या पाण्यात पहिल्या वर्गात काचेसारख्या सिलिकामय कवचाचे डायाटम महत्त्वाचे, आणि दुसऱ्या वर्गात कोपेपॉड नावाचे, कोळंबीचे दूरचे आप्त असलेले, तांदळाच्या दाण्याहूनही बहुधा लहान असे प्राणी महत्त्वाचे.

प्लवकांचे घर म्हणजे ते ज्या पाण्यात आहेत ते पाणी. पक्ष्याला जागा मानवली नाही तर तो उडून जाईल, माशाला पोहून जाता येईल. प्लवकाला ती मुभा नाही. तो वर-खाली सरकू शकतो, परंतु आडव्या दिशेने त्याला प्रवाह नेईल तिकडे जावे लागते. त्यामुळे प्रवाह बदलला की खाडीतील प्लवकांची वस्तीच पालटते. कोंग्सफ्योर्डमध्ये जाळे टाकून वर आलेला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तज्ज्ञ माणूस तापमापक न पाहताही सांगू शकतो, की हे पाणी अटलांटिककडचे की आर्क्टिककडचे.

४. काळोखाची बेगमी

नी-ऑलेसुंड येथे ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यानंतरच पुन्हा दिसतो. उलट एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. अर्थात वनस्पतिप्लवकांचे पीक वर्षातून काही आठवडेच भरभरून येते, आणि त्या काही आठवड्यांच्या कमाईवर प्राणिप्लवकांना उरलेले वर्ष काढावे लागते. कोकणातल्या वाचकाला ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या जातात, बाजारच्या वाटा बंद होतात, म्हणून मृगाच्या आधी घरोघर आगोटची बेगमी चालते: भात कणगीत पडतो, सुकी मासळी, मीठ, चिंच, लाकूडफाटा रचून ठेवला जातो. ध्रुवसमुद्रातील कोपेपॉड हीच बेगमी आपल्या देहात करतो. वसंतात डायाटम चरून तो मेणासारखे तेल तयार करतो आणि शरीरातील एका लांबट पिशवीत साठवतो. ही पिशवी भरली म्हणजे त्याच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग तेलाचाच असतो. मग उन्हाळा सरता सरता तो खोल पाण्यात उतरतो, खाणेपिणे थांबवतो आणि साठविलेल्या तेलावर हिवाळा काढतो.

या बेगमीत मात्र सगळ्यांची ऐपत सारखी नसते. कॅलानस या प्रजातीचे तीन भाऊबंद या किनाऱ्यावर एकत्र भेटतात. पहिला कॅलानस फिनमार्किकस, अटलांटिकचा रहिवासी, लांबीने दोन ते तीन मिलिमीटर. ट्रॉनहाइमचे बिशप गुन्नेरुस यांनी १७७० मध्ये त्याचे वर्णन केले. तो बहुधा एका वर्षात आपली पिढी पुरी करतो. दुसरा कॅलानस ग्लेशियालिस, आर्क्टिकच्या उथळ किनारी पाण्याचा खरा वतनदार, तीन ते पाच मिलिमीटरचा, एक ते दोन वर्षांचा. हा पहिल्याशी इतका मिळताजुळता, की याश्नोव्ह या सोव्हिएट शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये त्याला वेगळा काढीपर्यंत दोघांची नोंद एकाच नावाखाली होत राहिली. तिसरा कॅलानस हायपरबोरियस, खोल ध्रुवसमुद्राचा, सात मिलिमीटरपर्यंत वाढणारा आणि पिढी पुरी करण्यास कित्येक वर्षे घेणारा. एका ग्लेशियालिसच्या अंगात फिनमार्किकसच्या सुमारे दहा पट तेल असू शकते, असा आकडा संशोधकांच्या लेखांत वारंवार येतो. हायपरबोरियस तर त्याच्याही कितीतरी पुढे.

याचे कारण उघड आहे. ज्या प्रदेशात सुगी थोडी, अनिश्चित आणि एखाद्या वर्षी मुळीच न येणारी, तेथे मोठा देह, दीर्घ आयुष्य आणि भरलेले कोठार हाच शहाणपणा ठरतो. दक्षिणेकडे सुगी लांबलेली असल्याने लहान देहाने भराभर पिढ्या उरकणे परवडते. स्मेरेनबुर्गच्या कढयांत डचांनी जी चरबी वितळवली, ती बोहेड देवमाशाने असेच इवले जीव गाळून खाऊन जमवलेली होती. त्या काळच्या सधन डच घरातील दिव्याच्या तेलाचा मूळ उत्पादक शोधत गेल्यास शेवटी आपण काही मिलिमीटरच्या एका प्राण्यापाशी येऊन पोचतो.

५. एका पक्ष्याचा जमाखर्च

आता एक छोटे गणित करू. लिटल ऑक नावाचा काळापांढरा समुद्रपक्षी स्वालबार्डच्या कड्यांवर दहा लाखांहून अधिक जोड्यांनी वस्ती करतो. वजन अवघे दीडशे ग्रॅमच्या आसपास, वर्षाला अंडे एकच, आणि पिलाला भरविण्यासाठी गळ्याखालच्या पिशवीत तो कोपेपॉड भरून आणतो. पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर या पक्ष्यांच्या ऊर्जेचा अभ्यास करून संशोधकांनी अनुमान केले, की पिलांच्या दिवसांत एका पक्ष्याला रोज सुमारे ६०,००० कोपेपॉड लागतात. म्हणजे पाण्याखाली असताना दर सेकंदाला सहा पकडावयास हवेत.

साठ हजाराला सहाने भागले म्हणजे दहा हजार सेकंद, अर्थात पाण्याखाली पावणेतीन तासांचे काम. हे झाले चरबीदार जातीचे. समजा, पक्ष्याच्या वाट्याला एक-दशांश चरबीचाच लहान जीव येऊ लागला आणि पकडण्याचा वेग तोच राहिला. तर तेवढ्याच चरबीसाठी एक लक्ष सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास लागतील, आणि दिवसाचे तास तर चोवीसच. अर्धे मोठे नि अर्धे लहान अशी मिसळ मिळाली तर काम पाच तासांवर जाईल. त्यात श्वासासाठी वर येणे, विश्रांती आणि कड्यापर्यंतची ये-जा धरलेली नाही. खऱ्या आयुष्यात पोषण केवळ चरबीने होत नाही आणि पक्षीही एकाच जातीवर विसंबत नाही, म्हणून हे गणित अक्षरशः घेऊ नये. मात्र दिशा त्यावरून कळते.

निसर्गाने या तुलनेची सोय स्पिट्सबर्गेनवरच करून ठेवली आहे. दक्षिणेकडील हॉर्नसुंड या फ्योर्डवर थंड किनारी प्रवाहाचा प्रभाव अधिक, तर वायव्येकडील माग्दालेनेफ्योर्डपाशी अटलांटिक पाण्याचा. हॉर्नसुंडला पोलंडचे संशोधन-ठाणे १९५७ पासून आहे, आणि तेथील अभ्यासकांनी दोन्ही ठिकाणच्या पिलांच्या घासांची तपासणी केली आहे. हॉर्नसुंडच्या घासात ग्लेशियालिसची भर, तर माग्दालेनेफ्योर्डकडे फिनमार्किकसचा वाटा मोठा आणि घास ऊर्जेने हलका. तरी पक्षी हातपाय गाळून बसत नाहीत: जवळच्या फेऱ्यांबरोबर ते अधूनमधून दूरची मोठी फेरी करतात आणि थंड पाण्याच्या पट्ट्यापर्यंत जाऊन स्वतःचे पोट भरून येतात. ही युक्ती कोठपर्यंत पुरेल हे त्या पट्ट्याच्या अंतरावर अवलंबून आहे.

६. सुगी चुकते ती अशी

आतापर्यंत आपण कोण येतो हे पाहिले. केव्हा येतो, हाही प्रश्न तितकाच जड आहे. गोठलेल्या खाडीत वर्षाला दोन सुगी होतात. वसंतात सूर्य थोडा वर आला की बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून शेवाळ वाढते, ही पहिली. बर्फ फुटल्यावर मोकळ्या पाण्यात वनस्पतिप्लवक उसळतात, ही दुसरी. स्वालबार्डच्या उत्तरेकडील रिपफ्योर्डमध्ये केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ग्लेशियालिसची मादी बर्फाखालचे शेवाळ खाऊन अंडी घालते, आणि त्या अंड्यांतून निघालेली पिले काही आठवड्यांनी चरण्याजोगी होतात तोवर दुसरी सुगी हजर होते. तेथे या दोहोंत सुमारे दोन महिन्यांचे अंतर होते. आईला एक सुगी, लेकरांना दुसरी, अशी ही शिस्तशीर तजवीज. अटलांटिक पाण्याने बर्फ धरलेच नाही, तर पहिली सुगी बुडते आणि दुसरी लवकर येऊन ठेपते. आणि मादीला अंडी घालण्याचे बळ येईपर्यंत लेकरांचा घास सरून गेलेला असतो.

पण उबदार पाण्याने सुगी नेहमी लवकरच येते असेही म्हणता येत नाही, आणि येथे या विषयातील मला सर्वांत मनोरंजक वाटणारी गोष्ट येते. डायाटम हिवाळ्यात बीजाणूंच्या रूपाने खाडीच्या तळाशी पडून असतात. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन जड होते, तळापर्यंत बुडते, सगळा पाणसाठा ढवळून निघतो, आणि त्या ढवळणीत हे बियाणे वर येऊन वसंतात उगवते. आता मघाची मिठाची गोष्ट आठवा. तळाशी खारट, म्हणून जड, असे अटलांटिक पाणी येऊन बसले असेल, तर वरचे पाणी कितीही गारठले तरी त्याला भेदून खाली जाऊ शकत नाही. ढवळणी अर्ध्यावरच थांबते, आणि बियाणे तळाशीच राहते. अशा वर्षी कोंग्सफ्योर्डमध्ये डायाटमचे पीक उशिरा व विरळ आले आणि फिओसिस्टिस नावाच्या, चिकट गोळ्यांनी राहणाऱ्या दुसऱ्याच प्लवकाने जोर केला, असे तेथे काम करणाऱ्या नॉर्वेजियन संशोधकांनी दाखविले आहे. कोपेपॉडला तेल साठविण्यासाठी डायाटम जितके उपयोगी, तितके हे गोळे नव्हेत.

बर्फ गेल्याने प्रकाशही आत येतो, आणि प्रकाशाचा लाभ वनस्पतींइतकाच शिकाऱ्यांनाही होतो. मासे डोळ्यांनी शिकार करतात. बर्फाच्या छताखालील अंधुक पाण्यात मोठा, तेलाने भरलेला कोपेपॉड सुरक्षित असतो. छत निघाले की सर्वांत आधी तोच नजरेस पडतो. देह मोठा असण्याचा जो फायदा आपण वर पाहिला, तोच येथे त्याच्यावर उलटतो.

७. हिमनदीच्या तोंडाशी

किनारी पाण्याचा विचार हिमनद्यांना वगळून पुरा होत नाही. कोंग्सफ्योर्डच्या आतल्या टोकाला क्रोनेब्रेनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. त्यांच्या पोटातून वितळलेले गोडे पाणी समुद्रपातळीच्या खाली बाहेर पडते, हलके असल्याने वेगाने वर उसळते, आणि वर येताना खोलातले खारे पाणी प्लवकांसकट ओढून आणते. गोड्या पाण्याच्या या अचानक धक्क्याने पुष्कळ प्राणिप्लवक निष्प्राण किंवा निश्चेष्ट होतात, आणि हिमनदीच्या तोंडाशी किटिवेक पक्ष्यांचे थवे त्यांवर तुटून पडतात. त्याच पाण्यातून येणारा गाळ मात्र खाडी मातकट करतो, प्रकाश अडवतो, आणि वनस्पतिप्लवकांना उपाशी मारतो. खोलातील पाणी उबदार असेल तर ते हिमनदीचे पाण्यातील तोंड झपाट्याने खाते. हिमनदी मागे हटत जमिनीवर गेली, की हा उसळता प्रवाह बंद पडतो आणि पक्ष्यांची ही पंगतही उठते.

८. नुकसान कोणाचे, आणि ते निश्चित आहे काय?

नुकसानीची बाजू ऐकल्यावर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २००४ मध्ये स्वालबार्डच्या किनाऱ्यावर शिणाण्यांच्या कुळातील निळी शिंपली जिवंत आढळली. सुमारे एक हजार वर्षांच्या खंडानंतर ती पुन्हा आली होती, आणि तिच्या तरंगत्या पिलांना तेथवर आणणारा अटलांटिकचाच प्रवाह होता. २०१३ मध्ये इसफ्योर्डमध्ये बांगड्याच्या कुळातला मॅकरेल मासा जाळ्यात सापडला. अटलांटिक कॉड या पाण्यात पसरतो आहे आणि बर्फाच्या आश्रयाने वाढणारा लहानसा ध्रुवीय कॉड मागे सरतो आहे. कोळ्याच्या दृष्टीने ही आवकच होय. तोटा आहे तो चरबीवर आणि बर्फावर ज्यांचा संसार चालतो त्यांचा.

तोही किती, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. २०१८ मध्ये काही संशोधकांनी असा युक्तिवाद मांडला, की एकेका जीवाचे तेल मोजून भागणार नाही. लहान जात वर्षाच्या आत पिढी पुरी करीत असेल, तर वर्षाकाठी होणारे तेलाचे एकूण उत्पादन कमी भरेलच असे नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर फ्राम सामुद्रधुनीत फिनमार्किकस आता आपले जीवनचक्र पुरे करू शकतो, म्हणजे वाहून आलेला पाहुणा तेथे घर करू शकतो, असे पुरावे दिले. माझ्या मते एकूण तेलाचा हा युक्तिवाद वजनदार असला तरी ऑकच्या बाबतीत तो लागू पडत नाही: पक्षी एकेक जीव चोचीने टिपतो, खाडीतील एकूण तेलाने त्याचे पोट भरत नाही. सगळेच गाळून खाणाऱ्याला कदाचित फरक पडणार नाही. टिपून खाणाऱ्याला तो पडेल.

आणखी एक अडचण दप्तरी स्वरूपाची आहे. फिनमार्किकस आणि ग्लेशियालिस यांची ओळख पिढ्यानपिढ्या शरीराच्या लांबीवरून पटविली गेली. डीएनएची कसोटी लावल्यावर आढळले, की दोघांच्या लांबीची मापे एकमेकांत शिरलेली आहेत, आणि ज्याला शुद्ध आर्क्टिक समजत होतो तो ग्लेशियालिस नॉर्वेच्या दक्षिणेकडील फ्योर्डांतही राहतो. जुन्या वह्यांतील किती नोंदी चुकीच्या खात्यात पडल्या असतील, हे तपासण्याचे काम त्यामुळे अंगावर आले आहे.

९. नोंदींचे काम

या सर्व प्रश्नांचा निकाल लांबलचक नोंदींखेरीज लागणे नाही. फ्राम सामुद्रधुनीत १९९७ ते २०१० या काळात अटलांटिक पाण्याचे सरासरी तापमान वर्षाला सुमारे ०.०६ अंशाने वाढत गेले. हा आकडा इतका बारीक आहे, की दोन-तीन वर्षांच्या मोजणीत तो वाऱ्याच्या लहरीखाली सहज बुडून गेला असता. कोंग्सफ्योर्डमधील प्राणिप्लवकांची नियमित मोजणी १९९६ पासून चालू आहे, म्हणूनच २००६ च्या घटनेला आधीची दहा वर्षे शेजारी ठेवून पाहता आली.

या कामात आपलाही वाटा आहे. गोव्यात वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र 'हिमाद्री'चा कारभार पाहते. जुलै २०१४ मध्ये कोंग्सफ्योर्डमध्ये सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात 'इंडार्क' नावाची नांगरलेली वेधशाळा बसविण्यात आली. समुद्रावर माणूस नसतानाही ती तापमान, लवणता आणि प्रवाह यांची नोंद घेत राहते, आणि हिवाळ्यात खाडीत कोणते पाणी शिरले याचा दाखला अशाच उपकरणांकडून मिळतो. डिसेंबर २०२३ पासून भारतीय संशोधक ध्रुवीय रात्रीतही तेथे जाऊ लागले. हिवाळ्याची ही हजेरी महत्त्वाची आहे, कारण त्या काळात प्लवक नुसते निजून असतात ही जुनी समजूत आता टिकलेली नाही: त्या काळोखात चंद्रप्रकाशाच्या तालावर ते वर-खाली करतात, असे २०१६ मध्ये दाखविण्यात आले.

म्हणून ध्रुवसमुद्रातील प्लवक वाढले किंवा घटले असे वृत्त पुढे वाचाल, तेव्हा टक्केवारीवर नजर टाकण्यापूर्वी ती मोजणी किती वर्षांची आहे आणि जाळे टाकले त्या दिवशी खाडीत कोणत्या प्रवाहाचे पाणी होते, एवढे विचारून घ्या. ज्या वृत्तात या दोहोंपैकी एकाचाही उल्लेख नाही, त्यावर मत बनविण्याची घाई करू नका.